मास्तरांची शिकवणी

मास्तरांच्या शिकवणीतलं मूल इंग्रजी स्पेलिंगात कच्चं राहायचं नाही, अशी त्यांची ख्याती होती. कारणही साधंच. चुकलं की मुलानं आपण होऊन हात पुढे करायचा, ही तिथली रीत. मास्तरांनी फक्त पट्टी चालवायची.

मास्तरीणबाई आतल्या खोलीत भाजी निवडत ऐकत असायच्या. "डब्ल्यू ए टी ई आर, वॉटर" हा घोष वर्षानुवर्षं कानांवर पडून, एक अक्षर न वाचता येणाऱ्या त्या बाईला सगळी स्पेलिंगं तोंडपाठ झाली. पोपटपंचीच ती, पण बिनचूक. मास्तरांच्या हे गावीही नव्हतं. "हिला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी," असं ते चारचौघांत म्हणायचे आणि चारचौघे हसायचे. बाईंना ते फार लागायचं.

मग मास्तरांना झटका आला. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, "जिभेवर मुरलेलं आधी परत येईल. रोज सोपे शब्द म्हणून घ्या. पण काय व्हायचं ते या वर्षातच."

झालं, शिकवणी उलटी सुरू झाली. बाई मास्तरांच्या खुर्चीवर, मास्तर खाटेवर. "डब्ल्यू ए टी..." त्या म्हणायच्या आणि थांबायच्या. एक दिवस मास्तरांच्या तोंडून फुटलं, "ई... आर." बाई आत जाऊन पोटभर रडल्या. त्यांना वॉटरशी काय करायचं होतं? त्यांना पुन्हा एकदा "अगं" ऐकायचं होतं.

'स्कूल'पाशी मात्र घोडं पेंड खाऊ लागलं. पुन्हा पुन्हा चुकलं, तसा मास्तरांनी आपण होऊन हात पुढे केला. बाईंनी हसून तो बाजूला सारायला हवा होता. त्यांनी कोनाड्यातली पट्टी घेतली, "पालथा घडा" म्हणाल्या आणि एक ठेवून दिली. हळूच मारली, असं त्या मनाला समजावतात. पण खोटं कशाला बोला, मारताना त्यांना बरं वाटलं होतं.

मास्तरांनी हात काखेत दाबला, पोरं दाबायची तसा.

दुसऱ्या दिवशी बाई खुर्चीवर बसल्या, तर मास्तरांचे दोन्ही हात पांघरुणात.

"नाही हो मारणार मी," बाई म्हणाल्या. "म्हणा बघू, डब्ल्यू ए..."

मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. बाईंनी पट्टी मोडून टाकली, रिकामे हात दाखवले, हातापाया पडल्या. काही उपयोग झाला नाही. त्या खुर्चीकडे वळल्या तरी मास्तरांचे हात आत जायचे. शेवटी त्यांनी ती खुर्चीच शेजारी देऊन टाकली.

वर्ष सरलं. आजही तपासणीला गेलं की डॉक्टर विचारतात, "सराव घेता ना?"

"घेते की," बाई खाली बघत म्हणतात. "पण यांच्या डोक्यात काही शिरतच नाही."

मास्तर शेजारीच बसलेले असतात. ऐकू त्यांना सगळं येतं.