बाबांचा घास आणि टार्मिगनचं घरटं

मी पक्षी मोजते. काय करतेस असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते. टेक्सासमधल्या फ्रिस्कोला भावाकडे गणपतीत जमलेल्या काकू आणि मावश्यांना हे पटत नाही. "ते छानच गं, पण नोकरी कुठं करतेस?" असं त्या विचारतातच. हीच माझी नोकरी आहे आणि मी त्यात चांगली आहे, हे मी हसून सांगते. यात खोटा विनय मला जमत नाही.

कोलोराडोत झाडं जिथं संपतात त्याच्याही वर, बारा हजार फुटांच्या आसपास, टार्मिगन नावाचा पक्षी राहतो. आपल्या तित्तिरापेक्षा थोडा गुबगुबीत, पायाच्या बोटांपर्यंत पिसं. हिवाळ्यात पांढराशुभ्र, उन्हाळ्यात दगडाच्या रंगाचा. थंडी सुरू झाली की बाकीचे पक्षी खाली पळतात, हा मात्र डोंगर सोडत नाही. आता डोंगरच तापायला लागलाय आणि त्याहून वर जायला जागा नाही, म्हणून आम्ही त्याच्या मागे लागलो आहोत. पायात रंगीत कडी घालायची, कोण जगलं कोण नाही ते वहीत लिहायचं, घरटी शोधायची आणि ती शाबूत राहतात का ते पाहायचं.

घरटं शोधणं हे माझं खास काम. मादी जमिनीवरच अंडी घालते आणि त्यांवर इतकी गच्च बसते की माणूस दोन हातांवर बसून डबा खाऊन गेला तरी हलत नाही. ती दिसली तरी थांबायचं नाही, वाकायचं नाही, बोट दाखवायचं नाही. काही दिसलंच नाही अशा थाटात नाकासमोर चालत राहायचं, आणि लांब जाऊन दगडाआडून दुर्बीण लावायची. कारण वासावरून कोल्हा येतो आणि नजरेवरून डोमकावळा. डोमकावळा म्हणजे आपल्या कावळ्याच्या दीडपट, जाड चोचीचा, महाबिलंदर. माणसं कुठं थांबली, कुठं वाकली, काय सांडलं, हे सगळं त्याच्या लक्षात राहतं. घाटमाथ्यावरच्या पार्किंगमध्ये सांडलेल्या चिप्ससाठी ते वर येतात आणि मग आलोच आहोत तर म्हणून अंडीही खातात. तिथला "पक्ष्यांना खायला घालू नका" हा बोर्ड मीच उभा केला आहे. एका शेंगदाण्यावरून मी अख्ख्या कुटुंबाला अर्धा तास सुनावलं आहे.

त्या उन्हाळ्यात माझ्या खोऱ्यात एकच मादी अंड्यावर बसली होती. डाव्या पायात लाल आणि पिवळं कडं, सहा अंडी. आधीचे दोन उन्हाळे तिथं एकही पिल्लू जगलं नव्हतं. हे घरटं गेलं तर तिसरं वर्षही कोरडं जाणार होतं, आणि एवढी वर्षं रिकामं राहिलेलं खोरं पुन्हा भरताना मी तरी पाहिलेलं नाही.

नेमकी तेव्हाच आई माझ्याकडे राहायला आली होती. बाबा गेल्यापासून ती फ्रिस्कोला भावाकडे असते, पण तिथला उन्हाळा तिला सोसत नाही. आषाढात बाबांची तिथी येते. मागच्या वर्षी भावाच्या बॅकयार्डात तिनं घास ठेवला आणि तिथल्या काळ्या, लांब शेपटीच्या ग्रॅकलनं तो उचलला. आईला शंका आली. भाऊ म्हणाला, "आई, चालतं गं. ब्लॅक आहे, बर्ड आहे, क्लोज इनफ यार." आईनं निकालासाठी मला फोन लावला आणि मी शहाणीनं, कुणी न विचारता, ग्रॅकलचं कूळ वेगळं आणि कावळ्याचं वेगळं हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. शेवटी आई एवढंच म्हणाली, "म्हणजे नाहीच शिवला."

ती गोष्ट मला वर्षभर बोचत होती. माझा स्वतःचा घासाबिसावर विश्वास नाही, पण आईचा आहे आणि तो मी विनाकारण मोडला होता. यंदा तिथीला तिनं पहाटे उठून स्वयंपाक केला. वरणभात, खीर, उडदाचे वडे. अंगणात पान मांडलं आणि आम्ही दोघी खिडकीशी बसलो. आधी खार आली, मग मॅगपाय हा काळापांढरा पक्षी आला, आईनं दोघांनाही हाकललं. दुपार झाली तरी कावळा काही फिरकला नाही. आईचा चेहरा पाहवेना. मी किल्ल्या उचलल्या आणि म्हटलं, "चल, गाडीत बस. तुला खरा कावळा दाखवते."

चुकीची सुरुवात इथं झाली, पण मला तेव्हा ती चूक वाटलीच नाही. मी हिशोब केला होता. पार्किंग घरट्यापासून दीड मैल लांब, मध्ये डोंगराची सोंड, आणि डोमकावळे तिथं तसेही रोज असतात. एका घासानं काय होणार? हेच वाक्य मी टूरिस्टांच्या तोंडून ऐकलं असतं तर त्यांची काही धडगत नव्हती.

आईनं माझ्याच बोर्डाच्या मागे पत्रावळ ठेवली, पदर सावरून हात जोडले, पुटपुटली. पुरतं मिनिटही गेलं नसेल. एक डोमकावळा डुलत डुलत आला, एकदा आईकडे पाहिलं, आणि वडा उचलला. आई रडायला लागली. "अगदी तसंच गं," ती म्हणाली. "आधी वडा. भात नंतर." मलाही भरून आलं, हे मी नाकारणार नाही. त्यानं आणखी एक वडा चोचीत कोंबला, उडाला आणि सोंड ओलांडून पलीकडे गेला. माझ्या खोऱ्याकडे.

डोमकावळे खाणं लपवून ठेवतात. पोट भरलं की उरलेलं लांब नेऊन गवतात पुरतात आणि मग त्या जागेभोवती दिवसेंदिवस फिरत राहतात. हे मी वर्गात शिकवलं आहे. पण त्या क्षणी मी पक्षी मोजणारी नव्हते, बाबांची मुलगी होते, आणि माझ्या डोक्यात हे आलंच नाही.

दोन दिवसांनी खोऱ्यात गेले तर डोमकावळा जमिनीवर चालत होता, घरट्यापासून पन्नास पावलांवर. तो उडाल्यावर मी लांबून वळसा घालून त्या जागी गेले. शेवाळाखाली उडदाच्या वड्याचा तुकडा होता, आईनं घातलेल्या मिऱ्यासकट. दुर्बिणीतून पाहिलं तर मादी अंड्यांवर बसली होती. अजून काही बिघडलं नव्हतं, पण त्याला आता जागा कळली होती.

त्याच दिवशी मी बॉसला फोन करून सगळं सांगितलं. लपवाछपवी मला जमत नाही आणि करायचीही नव्हती. साठीची, रापलेल्या चेहऱ्याची बाई ती. शांतपणे ऐकून तिनं विचारलं, वडा म्हणजे काय, आणि स्पेलिंगसकट लिहून घेतलं. मग म्हणाली, तुझ्यासाठी आता एकच काम, अंडी फुटेपर्यंत तिथंच बसायचं. मादी दिवसातून दोनतीनदा चरायला उठते, तेव्हा घरटं उघडं पडतं. कावळा आला की उभं राहायचं, हात हलवायचे, आवाज करायचा. फुटायला साधारण आठ दिवस होते.

आईला सांगितल्यावर ती बराच वेळ ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "मी पण येणार."

"आई, बारा हजार फूट आहे. तुला धाप लागेल."

"तुझ्या शिक्षणासाठी मी रोज चार जिने चढून शाळेत नोकरी करत होते. धापेचं मला सांगू नकोस. घास माझा होता ना?"

खोऱ्यातून देखभालीच्या गाड्यांचा एक कच्चा रस्ता जातो. त्याच्या कडेला, घरट्यापासून साठेक पावलांवर, मी फोल्डिंग खुर्ची मांडून दिली. आई तिथं बसली. साडीवर माझं पफ जॅकेट, कानटोपी, मांडीवर थर्मास. पहिल्या दिवशी तिला मादी दिसेचना. दगडच दिसतोय म्हणाली. तिसऱ्या दिवशी त्या दगडानं पापणी मिटलेली तिला माझ्याआधी दिसली. चौथ्या दिवसापासून ती मला वेळा सांगायला लागली. "साडेसात झाले, बाई उठतील आता." आणि बाई उठायच्या. दहा वर्षांत मला इतकी चांगली मदतनीस मिळालेली नाही.

डोमकावळा रोज यायचा, पण लांबच्या सुळक्यावर बसून परत जायचा. सहाव्या सकाळी मादी चरायला उठली आणि मी नेहमीसारखी आईला घरट्याच्या राखणीला ठेवून तिच्या मागे चढावर गेले. ती काय खाते तेही लिहायचं असतं. दुर्बीण तिच्यावर होती तेवढ्यात खालून हाक आली.

"अहो!"

मी वळले. डोमकावळा घरट्याच्या काठावर उभा होता, मान तिरकी करून आत पाहत. हातभर अंतरसुद्धा नव्हतं. मी खूप लांब होते, धावूनही पोचले नसते. आई खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

"अहो, सरका तिथनं! जेवलात ना त्या दिवशी पोटभर? मग दुसऱ्याच्या लेकरांवर डोळा कशाला? निघा म्हणते ना! निघा!"

तिचा तो आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. डोमकावळ्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि पंख पसरून सुळक्याकडे निघून गेला. मी धावत खाली आले. लांबूनच दुर्बीण लावली, सहा अंडी जशीच्या तशी होती. दहा मिनिटांनी मादी परत येऊन बसली, काही झालंच नाही अशी. आई खुर्चीत बसली होती. मी तिला मिठी मारली. "वाचवलंस गं," म्हटलं. ती काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, दमली असेल.

आठव्या दिवशी अंडी फुटली. सहाही. टार्मिगनची पिल्लं घरट्यात रेंगाळत नाहीत. अंग वाळलं की आईमागे निघतात. दुपारी मादी उठली, चार पावलं गेली, हळूच आवाज दिला आणि तिच्या मागून कापसाचे सहा गोळे धडपडत बाहेर आले. त्यांना डोमकावळ्याचा धोका अजून होताच, कोल्ह्याचाही होता. पण आता ती पळू शकत होती, लपू शकत होती, आणि तिसरं वर्ष कोरडं गेलं नव्हतं. मी वहीत "सहा" लिहिलं आणि मला इतका आनंद झाला की मी आईला जोरात म्हटलं, "बघ, बघ, जमलं!"

आई पिल्लांकडे पाहत होती. ती दगडांत दिसेनाशी झाली तेव्हा म्हणाली, "चांगलं झालं. पण तो ते नव्हते."

"कोण?"

"तो कावळा. तुझ्या बाबांनी जन्मात अंडं खाल्लं नाही. अंड्यावर टपून बसणारा तो ते कसे असतील? म्हणजे यंदाही नाही शिवला. अजून उपाशीच आहेत ते."

दोन दिवस ती हे एकटीच घेऊन बसली होती. त्या घरट्यासाठी तिनं काय सोडून दिलं होतं, ते मला तेव्हा कळलं. शास्त्रातलं काहीच तिच्या उपयोगाचं नव्हतं. पण मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगायचं ही माझी सवय, तीच कामी आली.

"त्यानं अंडं खाल्लं नाही," मी म्हटलं. "मी दुर्बिणीतून पाहिलंय, वहीतही लिहिलंय. घरट्यावर उभा असलेला डोमकावळा अंडी तशीच सोडून गेलेला मी आजवर पाहिला नव्हता. तू निघा म्हणालीस आणि तो गेला."

"माझं ऐकून?"

"तुझं ऐकून."

आईनं थर्मासचं झाकण लावलं, मग काढलं, मग पुन्हा लावलं.

"चाळीस वर्षांत कधी ऐकलं नाही माझं," ती म्हणाली. "त्या आजारपणात, शेवटचे दोन महिने, ऐकायला लागले. जेवा म्हटलं की जेवायचे, निजा म्हटलं की निजायचे." तिनं सुळक्याकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. "तेव्हा त्यांनी ऐकलं की मला रडू यायचं. परवा ऐकलं तर बरं वाटलं."