त्या दिवसांची शिफ्ट

"नवऱ्याजवळ झोपायला शिफ्ट बदलून पाहिजे हिला."

सुपरवायझर मोठ्याने बोलला. चहाची सुट्टी होती, सगळी लाईन तिथेच. बायका खाली बघून हसल्या. पुरुष माझ्याकडे बघून हसले. दारात एचआरच्या मॅडम उभ्या होत्या, त्या पण हसल्या. त्यांचं हसणं मला लागलं.

मरोळच्या एका युनिटमध्ये मी सर्किटवर सोल्डरिंग करते. फर्स्ट शिफ्ट. नवरा मुलुंडच्या टॉवरवर रात्रीचा वॉचमन. घाटकोपरच्या खोलीतून मी निघते तेव्हा तो परतीच्या वाटेवर असतो. ओव्हरटाइम करून मी परत येते तेव्हा तो गेलेला. भेट आठवड्यातून एकदा, त्याच्या सुट्टीच्या रात्री. आणि नातेवाईक विचारतात, अजून काही नाही का. होणार कुठून, डोंबल?

त्यात मूल राहायच्या दिवसांचं मोजणंच चुकलेलं. सासू चिपळूणकडची. चार दिवस बाजूला बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि दिवस त्या अंघोळीपासून धरायचे, हे तिनेच शिकवलं. मी तसंच धरत आले. कित्येक वर्षं. शेवटी महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला.

"अंघोळ कसली धरतेस गं? रक्त दिसलं तो पहिला दिवस. तुझी पाळी वेळेवर येते ना? मग पुढची यायच्या साधारण दोन आठवडे आधी बीज सुटतं. ते सुटायच्या आधीचे चार-पाच दिवस आणि तो दिवस, तेव्हा जवळ या. अंगावरून पातळ, तार सुटेल असं जातं ना, तीच खूण. तू अंघोळीपासून मोजून बसतेस तोवर ते दिवस निघून जातात."

मला रडू आलं नाही. संताप आला. सासूवर, माझ्यावर, आणि का कोण जाणे, सगळ्यात जास्त मॅडमवर.

मॅडम पण बाळाची वाट बघत होत्या. त्यांचे दिवस त्यांना मोबाईल सांगायचा. बीज कधी सुटणार ते कळायला घरी लघवीची पट्टी लावायच्या, रेघ गडद आली की दुपारीच गाडी मागवून निघायच्या. वर्क फ्रॉम होम. आम्हाला सगळ्यांना कळायचं. कोणी हसायचं नाही.

मी जळायचे. खोटं कशाला बोलू? गाडीवर नाही, पगारावर नाही, त्या दुपारींवर जळायचे. भर उन्हाची वेळ, दार लावलेलं, नवरा शेजारी, कुणाला कुठे पळायचं नाही. त्यांचं पोट दिसायला लागलं तेव्हा तर माझ्याच्याने बघवेना. एकदा बघत राहिले आणि बोट भाजून घेतलं.

म्हणून मी मागितलं. महिन्यातला एक आठवडा दुपारची सेकंड शिफ्ट द्या, म्हणजे सकाळी तो घरी, मी पण घरी. बदली यायला लाईनवर शेजारी बसणारी पोरगी तयार होती. सुपरवायझरने कारण विचारलं. मी खरं सांगितलं.

हसणं संपल्यावर मॅडम जवळ आल्या. पोटावर हात ठेवून म्हणाल्या, "असं कॅलेंडर लावून होत नसतं गं. टेन्शन घेऊ नकोस."

डोक्यात सणक गेली. म्हटलं, "मॅडम, तुमचं कॅलेंडर लावूनच झालंय. मला फक्त शिफ्ट पाहिजे."

मग सुपरवायझरकडे वळले. "उद्यापासून आठवडाभर सेकंडला येते. अडवायचं तर गेटवर अडवा."

सकाळी नवरा घरी आला तर मी खोलीत. घाबरला तो. "नोकरी जाईल ना गं."

"गेली तर दुसरी बघू. तू दार लाव."

दुपारी गेटवर कोणी अडवलं नाही. सुपरवायझर तोंड फिरवून उभा राहिला. लाईनवर खुसखुस झाली, अजून होते. त्या महिन्यात पाळी आली. पुढच्या महिन्यातही आली. मॅडमना मुलगी झाली, पेढे वाटले, मी हात पुढे केला नाही. जळते मी अजून, आणि त्याची मला लाज नाही.

मूल होईल, नाहीतर नाही होणार. पण ते दिवस माझे आहेत. पाळी आली की मी सरळ सुपरवायझरच्या टेबलासमोर जाते आणि कुठल्या तारखेपासून सेकंडला येणार ते सांगते. विचारत नाही.