चौदा वर्षांचा तांदूळ

कुणी काहीही विचारलं की तो आधी डोक्यावरची टोपी काढायचा. नमस्कारासाठी नव्हे. टोपीच्या आतल्या घडीत मेणकापडात गुंडाळलेले त्याचे सगळे कागद असत. रेल्वेचा पास, कॉलेजची पावती, हेडमास्तरांची चिठ्ठी. हवा तो दोन बोटांनी उपसायचा, समोर धरायचा आणि म्हणायचा, "कागद आहे."

लोणावळ्याच्या पावसात खिशातल्या कागदाचा दुपारपर्यंत लगदा होतो, हे खरंच. पण कारण तेवढंच नव्हतं. तुम्हाला-मला 'तू कुठला?' असं किती वेळा विचारलं जातं? त्याला रोज विचारत. मग माणूस उत्तर डोक्यावर घेऊनच हिंडतो.

त्याचं नाव मी लिहीत नाही. ते आधीच फार वह्यांतून शोधून झालं आहे.

बाप मोगलाईतला, म्हणजे निजामाच्या मुलखातला, पार तेलंगणाकडचा. घाटात विजेची गाडी आणायचं ठरलं तेव्हा बोगद्यांच्या कामाला माणसं हवी होती. ठेकेदारानं तिकडून गाडी भरून आणली. हा तेव्हा चार-पाच वर्षांचा. खंडाळ्याला उतरवलं तर धुक्यात काहीच दिसेना. आपण अजून पोचलोच नाही असं वाटून तो रडला होता. त्या प्रवासातलं त्याला एवढंच आठवायचं.

काम संपायच्या आत बाप तापानं गेला. ठेकेदार उरलेली माणसं घेऊन पुढच्या कामावर निघाला. आई गेली नाही. नवऱ्याला जिथं जाळलं तो मुलूख सोडायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं. कार्ल्याच्या वाटेवरच्या एका गावाच्या कडेला तिनं झोपडी घातली. लावणीला आणि कापणीला ती लोकांच्या शेतात जायची, मजुरीचं भात आणून कांडायची. बाकीचं वर्ष खंडाळ्याच्या बंगल्यांतली भांडी. मुलगा शाळेत गेला आणि शिकतच राहिला. त्या गावात मॅट्रिक झालेला तो पहिला. पाटलांचा मुलगा दोनदा बसून दोनदा उठला होता.

मी लोणावळ्याचा, शाळामास्तरांचा मुलगा. माझी फी वेळेवर भरली जायची, म्हणून गरिबांच्या फीवर पत्रकं लिहायला मला सवड होती. आम्ही दोघं एकाच वर्गात, रोज सकाळच्या एकाच गाडीनं पुण्याला जायचो. गाडीच्या आधी तो बाजारातल्या चिक्कीच्या दुकानात गुळाच्या ढेपा फोडून यायचा. कितीही हात धुतले तरी गूळ नखांत राहायचा आणि तास रंगात आला की त्याच्या बाकावर मुंग्यांची रांग लागायची. एकदा प्रोफेसर शिकवता शिकवता थांबले आणि रांगेकडे बघत राहिले. हा उभा राहून म्हणाला, "सर, लोणावळ्याच्या आहेत. पास काढलेला नाही, पण चावत नाहीत." वर्ग हसला. प्रोफेसरही हसले. तो स्वतः मात्र हसला नाही. बसला आणि पुढचं लिहून घेऊ लागला.

माझी पत्रकं तो नीट वाचायचा, शुद्धलेखन सुधारायचा आणि उरलेला गठ्ठा दुकानात नेऊन त्यात चिक्की बांधायचा. मी चिडलो तर म्हणाला, "अरे, मुंबईपर्यंत जातात. तू वाटलेली लोक टाकून देतात. ही निदान चाटून ठेवतात."

पहिल्या टर्मची फी चिक्कीवाल्यानं पगारापोटी आगाऊ दिली होती. त्याच्याकडून दुसऱ्यांदा होणार नव्हतं. दुसऱ्या टर्मला नादारी, म्हणजे गरिबीची फीमाफी, मिळाली तर कॉलेज. नाही तर पटावरून नाव जाणार. नादारीला दाखला हवा, की विद्यार्थी अमुक गावचा आणि त्याची ऐपत नाही. ऐपत नाही हे त्याच्या चपलांकडे बघून कुणीही लिहून दिलं असतं. अडलं ते 'अमुक गावचा' या दोन शब्दांपाशी.

आम्ही दोघं पाटलांच्या ओसरीवर गेलो. पाटील दुष्ट नव्हते. हे लिहायला मला जड जातं. दुष्ट असते तर पत्रक सोपं झालं असतं. गावचा कोण आणि उपरा कोण हे ठरवायला त्यांच्यापाशी एकच वही होती, जत्रेच्या भंडाऱ्याची. चैत्रात जत्रा भरते, दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाचं एकत्र जेवण. त्याआधी चार जण घरोघर फिरतात, दारात उभं राहून घरच्या कर्त्याचं नाव पुकारतात, तांदूळ घेतात आणि वहीत मांडतात. ज्याचं नाव पुकारलं जातं तो गावचा. कडेच्या झोपडीसमोर कधी कुणी उभं राहिलं नव्हतं.

पाटलांनी वही दोनदा चाळली. म्हणाले, "पोरा, तू गुनाचा हायेस. पन वहीत तुजं घर न्हाई. म्या कसं लिवू?"

त्यानं सवयीनं टोपी काढली. आत बघितलं. आणि परत डोक्यावर घातली.

मी बोलायला लागलो. हक्क, श्रम, बोगदा, सगळं काढलं. पाटलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी मास्तरांचं चिरंजीव न्हवं? बसा. च्या घ्या."

दाराच्या आत पाटलांची आई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर न करताच मुलाला हाक मारली. "वहीत काय बगतोस? मला इचार. तुमी ह्या पोराच्या आयच्या दारात कंदी मागाय गेला न्हाई. ती आपली आदल्या दिशी येती, पायलीभर तांदूळ देवळाच्या पायरीवर ठिवती नि माघारी जाती. चौदा वरसं झाली. निवडते म्या. तिच्या तांदळात खडा म्हनून सापडत न्हाई."

पाटलांनी वही मिटली.

"तिचा भात खाल्लास का न्हाई तू?"

"खाल्ला आसंल."

"मग लिव तसं."

पाटलांनी खरोखर तसंच लिहिलं. सदर इसमाचे घर चौदा वर्षे गावच्या भंडाऱ्यास तांदूळ देत आहे, गावाने तो खाल्लेला आहे, सबब सदर इसम आमच्या गावचा. खाली सही. परतीच्या वाटेवर त्यानं तीनदा टोपी काढून तो कागद वाचला. मी विचारलं, तुला माहीत होतं का आई तांदूळ ठेवते ते? तो म्हणाला, "मला वाटायचं, देवाला देते."

कॉलेजच्या कारकुनानं दाखला वाचला आणि शेजारच्याला वाचून दाखवला. हा दाखला आहे की देवळाची पावती, असं विचारलं. दोघं हसले. मग अर्जातला दुसरा रकाना दाखवला. वडिलांचा जन्म कुठला? निजामाच्या मुलखातला. मग नादारी नाही. ती मुंबई इलाख्यातल्या रयतेपुरती.

त्यानं शांतपणे विचारलं, "जन्मले तिकडे. मेले इथं, इलाख्यात. मरणाचा रकाना आहे का?"

तसा रकाना नव्हता.

बाहेर येऊन मी भडकलो. म्हटलं, हे सगळं छापतो, तुझ्या नावानिशी. चार दिवसांत पुण्याच्या भिंतीभिंतीवर लागेल. तो पायरीवर बसून मेणकापडाची घडी नीट करत होता. म्हणाला, "नाव नको. मला वर्गात बसायचंय, भिंतीवर नाही." मग माझा हिरमोड झालेला बघून म्हणाला, "चिडायला तू आहेस ते बरं आहे. मला गुळापुढं वेळ होत नाही."

पटावरून त्याचं नाव गेलं. तरी महिनाभर तो सकाळच्या गाडीला स्टेशनवर यायचा, चढायचा नाही. आदल्या दिवशी काय शिकवलं ते माझ्याकडून विचारून घ्यायचा आणि दुकानात परत जायचा. मला सांगायचा कंटाळा यायचा. हेही लिहून टाकतो.

एक दिवस दाखला माझ्यापुढं धरून म्हणाला, "तुझं अक्षर चांगलं आहे. याची एक नक्कल काढून दे. खरा कागद आईपाशी ठेवतो." मला वाटलं, दुसऱ्या कॉलेजचं बघतोय. बोरूनं वळणदार नक्कल काढली. पाटलांच्या सहीचा फराटासुद्धा हुबेहूब.

ती नक्कल घेऊन तो लष्कराच्या भरतीला गेला. लढाई सुरू झालेली होती, लिहिता-वाचता येणारे कारकून हवेच होते. बाप कुठं जन्मला ते तिथं कुणी विचारलं नाही. भंडाऱ्याच्या तांदळाला कुणी हसलं नाही. कॉलेजात बसायला जो अस्सल कागद पुरला नाही, त्याची नक्कल मरायला जाण्यासाठी पुरली. त्याच आठवड्यात मी भरतीच्या विरोधात पत्रक लिहिलं होतं. त्याच बोरूनं.

स्टेशनवर मी त्याला वाटेल ते बोललो. त्यानं बोलू दिलं. गाडी हलली तेव्हा म्हणाला, "दोन वर्षं. मग फी भरून पहिल्या बाकावर बसतो. मुंग्या घेऊन येतो."

समुद्रापलीकडून त्याची दोन पत्रं आली. दुसऱ्यात विचारलं होतं, अभ्यासक्रम बदलला का. मी सविस्तर उत्तर लिहिलं. ते पोचलं की नाही, कळलं नाही. तिकडची शहरं जपान्यांच्या हाती पडत गेली आणि पत्रं थांबली.

गेल्या चैत्रात त्याच्या आईनं निरोप धाडला, म्हणून झोपडीवर गेलो. इंग्रजीतला टाइप केलेला कागद आला होता. वाचायला मीच. त्यात एवढंच होतं की तो कुठं आहे ते सरकारला ठाऊक नाही. मेला असंही नाही, आहे असंही नाही. मी मराठीत सांगितलं. तिनं पुन्हा सांगायला लावलं. पुन्हा सांगितलं.

ती उठली. कोपऱ्यातल्या मडक्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तांदळाच्या तळातून मेणकापड काढलं. झटकून माझ्यापुढं धरलं.

"कागद हाय," ती म्हणाली. "वाच."

मी वाचला. चौदा वर्षे, तांदूळ, गावाने खाल्लेला आहे, सबब आमच्या गावचा.

"तो हितला हाय, आसं लिवलंय न्हवं?"

"व्हय, मावशी."

"मग त्यास्नी कळव. म्हनावं, हितला हाय. हितंच धाडा."

मी पत्रकं लिहिणारा माणूस. एका बैठकीत चार पानं लिहितो. मला एक ओळ सुचली नाही.

तेवढ्यात दारात माणसं आली. उद्या जत्रा होती. दाखला लिहिला त्या सालापासून पाटलांनी वहीत ते घर घातलं होतं, कर्ता म्हणून मुलाचं नाव. चौघांतल्या एकानं वही उघडली आणि रिवाजाप्रमाणे मोठ्यानं, स्वच्छ, त्याचं नाव पुकारलं.

"हाय," आई आतून म्हणाली, आणि पायली भरायला घेतली.