अण्णांचे कंपनीतले कपडे

"तुम्ही कधी कुठल्या कारखान्यात कामाला होतात का?"

ठाण्यात, नौपाड्यातल्या छातीच्या डॉक्टर बाईंनी बायॉप्सीचा रिपोर्ट समोर ठेवून मला हा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "नाही हो. मी टिटवाळ्याला घरीच ब्लाउज शिवते."

"आणि मिस्टर?"

माझे मिस्टर शेजारीच बसले होते. ते पोस्टातून रिटायर झालेत.

"वडील?"

"अण्णा ठाण्याला कंपनीत होते. बॉयलरला गुंडाळायच्या जाड दोऱ्या बनवायचे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "त्या दोऱ्या कशाच्या असायच्या, माहीत आहे?"

"कापसाच्या," मी म्हटलं. घरात सगळे कापूसच म्हणायचे.

तो कापूस नव्हता, अ‍ॅस्बेस्टॉस होता. दगडातून निघणारा, आगीत न जळणारा तंतू. दिसायला कापसासारखाच, पण त्याची धूळ श्वासातून आत गेली की आतच राहते. मला झालेल्या आजाराचं नाव डॉक्टरांनी सावकाश उच्चारलं. मेसोथेलिओमा. फुप्फुसाला बाहेरून एक पातळ आवरण असतं, त्या आवरणाचा कॅन्सर. "धूळ तुम्ही लहान असताना आत गेली असणार. हा आजार यायला तीस-चाळीस वर्षंही लागतात."

मी विचारलं, "बरा होईल ना?"

"खोटं नाही सांगत. हा बरा होत नाही. काही काळ रोखता येतो, श्वास सोपा करता येतो. तेवढं आपण नक्की करू."

बाहेर आल्यावर मिस्टरांनी रिक्षा थांबवली आणि कुठे जायचं तेच त्यांना सांगता येईना.

सुरुवात अगदी साधी होती. स्टेशनचा पूल चढताना दम लागायला लागला. वय झालं, वजन वाढलं, असं मी स्वतःलाच सांगितलं. मग उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. मशीनवर वाकले की कळ यायची. एक्स-रेमध्ये प्लुरल इफ्यूजन निघालं, म्हणजे फुप्फुसाभोवती पाणी. आपल्याकडे असं पाणी दिसलं की पहिला संशय टीबीचा, आणि बहुतेक वेळा तो खराही असतो. माझी टीबीची औषधं सुरू झाली. त्या औषधांनी लघवी लाल, तोंडाला चव नाही. सुई घालून पाणी काढायचे, थोडे दिवस बरं वाटायचं, पुन्हा भरायचं. कित्येक महिने असेच गेले, मग नौपाड्याच्या डॉक्टर बाईंकडे पाठवलं आणि बायॉप्सी झाली. तोपर्यंत अण्णा काय काम करायचे हे मला कोणी विचारलं नाही, आणि मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

अण्णांचं म्हणाल तर आम्ही तेव्हा कळव्याला चाळीत राहायचो. अण्णा कंपनीतून आले की भुवयांवर, कानांवर पांढरी लव बसलेली असायची. धाकटा भाऊ त्यांना म्हातारबाबा म्हणून चिडवायचा. ते हसत आम्हा दोघांना जवळ घ्यायचे, मगच आंघोळीला जायचे. आई पापडाच्या कामाला जायची, म्हणून कपडे माझ्याकडे. तसेच भिजवले तर धुळीचा लगदा व्हायचा, बादलीच्या तळाशी बसायचा. म्हणून आधी झटकून घ्यायचे. चाळीच्या मागे उभी राहून मी अण्णांचा शर्ट दोन्ही हातांनी धरून फटाफट झटकायचे. उन्हात धूळ चमकायची. मला ते काम आवडायचं.

अण्णा पन्नाशीच्या आतच गेले. दमा, असं सांगितलं गेलं. आम्हीही तेच सांगत आलो.

उपचार ठाण्यालाच झाले. आधी प्लुरोडेसिस केलं. पाणी पूर्ण काढून आत एक पावडर सोडतात, म्हणजे आवरणं एकमेकांना चिकटतात आणि पाणी भरायला जागा उरत नाही. ते दुखतं. कोणी सांगितलं दुखत नाही, तर विश्वास ठेवू नका, आधीच दुखायचं औषध मागा. मग केमो. केमोच्या वॉर्डात खुर्च्या समोरासमोर असतात, त्यामुळे कोणाकडे बघायचं हा प्रश्न पडतो. मी सलाइनच्या थेंबांकडे बघायचे. शेजारच्या बाई विचारायच्या, "तुमचा कशाचा?" मी छातीचा म्हटलं की त्या स्तनाचा समजायच्या. पुढे मी खुलासा करणंही सोडून दिलं.

आई आमच्याकडेच राहते. ऐंशी ओलांडलीय, पण कान आणि डोकं शाबूत. तिला मी फुप्फुसात गाठ आहे एवढंच सांगितलं होतं. कपड्यांचं सांगायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलं. या वयात तिला ते कशाला?

अण्णांबरोबर कंपनीत असलेले लॉरेन्सकाका मला आठवत होते. खाडीकडच्या गावठाणात त्यांचं घर. मिस्टर शोधत गेले, तर काका हयात होते. मी भेटायला गेले तेव्हा ते नाकात ऑक्सिजनची नळी लावून ओटीवर बसले होते. त्यांना अ‍ॅस्बेस्टोसिस आहे, म्हणजे त्याच धुळीने फुप्फुस आतून कडक होत जातं.

"रघुनाथची पोर ना तू? बस," ते म्हणाले. मी सगळं सांगितलं. त्यांनी नाकातली नळी नीट केली. मग म्हणाले, "आम्ही तर कामावर होतो गो. तू कुठे होतीस?"

खरंच, मी कुठे होते? कामगाराला हा आजार झाला तर तो कामाचा आजार म्हणून कायद्यात धरतात, भरपाई मागता येते. माझ्यासारखी कुठल्याच कंपनीच्या हजेरीपटावर नसते.

काकांनीच सुचवलं, बायकांना बोलावू. बायका, मुली, सुना, ज्यांनी ज्यांनी घरी ते कपडे धुतले. चर्चशेजारचा हॉल त्यांच्या मुलाने मिळवून दिला. डॉक्टर बाई रविवारी यायला तयार झाल्या. मी एकेकीचा नंबर शोधून फोन करायला लागले. बोलताना मधे थांबावं लागायचं. पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू यायचं आणि मला दम गोळा होईपर्यंत काही बोलता यायचं नाही.

आईला कळलं ते या फोनमुळेच. मी अंघोळीला गेले असताना चाळीतल्या मंगलचा फोन आला, तो आईने उचलला. मंगल आपलं सरळपणे सगळं बोलून गेली. मी बाहेर आले तर आई मोबाइल मांडीवर ठेवून बसली होती.

"शोभे, कपडे मी द्यायचे तुला."

"आई, कोणाला माहीत होतं तेव्हा?"

"मालकाला माहीत होतं?"

ही धूळ माणूस मारते हे जगात फार आधीपासून माहीत होतं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

"म्हणजे ह्यांना दमा नव्हता," आई म्हणाली. मी नुसती मान हलवली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी समजूत घालायला गेले तर म्हणाली, "तू नको. तू बोललीस की तुला धाप लागते." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः कपाटातून लुगडं काढलं आणि म्हणाली, "मला त्या मीटिंगला ने."

हॉलमध्ये अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आलेल्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर भीती होती, काहींना हे सगळं उगाच वाटत होतं. डॉक्टरांनी चित्र दाखवून समजावलं. धूळ आत गेली म्हणजे आजार होतोच असं नाही, पण दम, खोकला, छातीत दुखणं, पाणी भरणं, यातलं काही असेल तर अंगावर काढू नका. एक जण उठून म्हणाली, "आम्हाला काही होत नाही, उगाच कशाला तपासण्या?" तेव्हा आई माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभी राहिली.

"माझ्या पोरीला हे मी दिलं," ती म्हणाली. "मला कोणी सांगितलं नाही, म्हणून दिलं. तुम्हाला मी सांगतेय."

एवढंच बोलून ती खाली बसली. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की सलाइनची जागा दुखायला लागली. मी तो सोडवला नाही.

मंगलच्या सीटी स्कॅनमध्ये आवरणावर प्लाक निघाले, म्हणजे चट्टे. कॅन्सर नाही, पण लक्ष ठेवायला हवं. आणखी एकीला बरेच दिवस दम लागत होता, ती आता उपचार घेतेय. उगाच कशाला म्हणणारी बाई अजून गेलेली नाही. लॉरेन्सकाका गेल्या महिन्यात गेले.

माझी केमो आता बंद केली आहे. डॉक्टर म्हणाल्या, "आता औषधाने फायद्यापेक्षा त्रास जास्त होईल." मी त्यांचे आभार मानले. अण्णा काय काम करायचे हे विचारणाऱ्या त्याच पहिल्या. तुमच्या छातीत कधी असं पाणी भरलं, तर कोणी विचारायची वाट बघू नका. वडील कुठे होते, नवरा कुठे होता, घरात कुठली धूळ यायची, ते आपण होऊन सांगा.

मी आता बहुतेक वेळ खिडकीपाशी उशांना टेकून बसते. आडवं झालं की गुदमरतं. मागच्या आठवड्यात समोरची जुनी शेड पाडायला माणसं आली. वर सिमेंटचे पत्रे, तेही बहुतेक त्याच तंतूचे. हातोड्याने फोडायला लागले, धूळ उडाली. मी मिस्टरांना हाक मारणार, तोवर आई काठी घेऊन जिना उतरलीसुद्धा.

वरून मला ऐकू येत होतं. मुकादम म्हणत होता, "आजी, पत्रा आहे नुसता. बाजूला व्हा."

"फोडू नका. अख्खे उतरवा. आधी पाणी मारा, म्हणजे धूळ उडत नाही. आणि तोंडाला बांधा काहीतरी."

"अहो आजी, काम थांबतं..."

"थांबू दे."

ती शेडच्या फाटकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली, कोणाला तिच्या बाजूने जाता येईना. मुकादम चिडला, हसला, कोणाला तरी फोन लावला. ती हलली नाही. शेवटी कोणीतरी टाकीवरून पाइप ओढत आणला.