क्लॉगसाठी कागदाचं दार

हूफडॉर्पला जायचं ठरलं ते डॉटच्या बोटांमुळे.

डॉट माझी नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टची घरमालकीण. वय बहात्तर, मूळची मेलबर्नची. नवरा डच होता. तो गेल्यापासून ती वरची खोली विद्यार्थ्यांना देते. २०१६ च्या वसंतात एका संध्याकाळी ती माझ्या दाराशी आली. हातात हिरव्या क्रेप कागदाची गुंडाळी होती, आपण वाढदिवसाला झालरी लावतो तो कागद.

"तुझे वडील पेंटर आहेत म्हणालीस ना? पाट्या रंगवणारे?"

"हो. आता फ्लेक्समुळे काम कमी झालंय, पण जयंतीचा फलक अजून तेच रंगवतात."

"आणि तुला येतं?"

मला येतं. जालन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी दहावीपर्यंत पप्पांना अक्षरं भरून द्यायचे. डॉटने आपले हात पुढे केले. बोटांचे सांधे सुजलेले होते. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, कात्रीचं काम बंद करायला सांगितलं होतं.

"मे महिन्यात क्लॉग येतोय," ती म्हणाली. "त्याच्यासाठी एक शेवटचा बॅनर करायचाय."

क्लॉग म्हणजे डच लाकडी बूट. हा क्लॉग मात्र माणूस होता. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा निवृत्त खेळाडू, मेलबर्नच्या एका उपनगरी क्लबकडून सतरा हंगाम खेळलेला. आई हॉलंडची, आणि धावायचा लाकडी बूट घातल्यासारखा, म्हणून हे नाव. तुम्ही हा खेळ पाहिला नसेल तर थोडक्यात सांगते: चेंडू लंबगोल, हातही चालतात आणि पायही, आणि उंच उडालेला चेंडू हवेत झेलला की प्रेक्षक वेडे होतात. क्लॉगला पळता येत नव्हतं, लाथही धड मारता येत नव्हती. झेल मात्र सुटायचा नाही.

डॉट त्या क्लबचे बॅनर करायची. त्याच्या निवृत्तीच्या सामन्यासाठीही तिनेच केला. पण सासू आजारी पडली आणि सामन्याच्या चार दिवस आधी तिला कायमचं इकडे यावं लागलं. नंतर कुणीतरी पत्राने कळवलं की धो धो पाऊस पडला, बॅनर विरघळला. बस, एवढंच. आता क्लॉग आईचं गाव मुलींना दाखवायला येत होता, आणि हूफडॉर्पजवळ इथल्या हौशी खेळाडूंच्या एका सामन्याला हजेरी लावणार होता.

तीन आठवडे मी अभ्यासातून वेळ काढून अक्षरं कापली. हिरव्या कागदावर पांढरी अक्षरं, इंग्रजीत. मराठीत अर्थ सांगायचा तर, 'उशीर झाला, पण क्लॉग आला'. तुकडे जोडायचं काम आम्ही दोघींनी केलं. फक्त शेवटी डॉट म्हणाली, "मधलं मी करणार. त्यात हात घालू नकोस." त्या दिवशी मी विद्यापीठात होते. परतले तेव्हा बॅनर गुंडाळून तयार होता.

शुक्रवार: मास्ट्रिख्ट ते हूफडॉर्प

उट्रेख्त आणि स्किपोलला गाडी बदलून साधारण तीन तास लागतात. तुम्ही जाणार असाल तर सुपरमार्केटमध्ये अधूनमधून निघणारं दिवसभराचं रेल्वे तिकीट आधीच घेऊन ठेवा. नेहमीच्या तिकिटापेक्षा बरंच स्वस्त पडतं, फक्त कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतर चालतं. ते सोबत अडीच मीटर लांबीची गुंडाळी नेणाऱ्यांसाठी मात्र नाही. आम्ही ती दुमजली डब्याच्या दारापासून जिन्यापर्यंत तिरकी उभी केली. तिकीट तपासनीस दोनदा तिच्यावर डोकं आपटून घेता घेता वाचला.

"गालिचा?" त्याने विचारलं.

"फुटबॉल," डॉट म्हणाली. त्याने पुढे काही विचारलं नाही.

आयंडहोवनला दारातून गर्दी आत घुसली आणि कुणाचीशी ट्रॉली बॅग गुंडाळीवर आदळली. मी दचकले. डॉट खिडकीबाहेर बघत होती. मेमधली टेकड्यांची हिरवाई संपून सपाट कुरणं आणि सरळ रेषेतले कालवे सुरू झाले होते. "क्लॉगची आई म्हणायची, हॉलंडमध्ये माणूस हरवूच शकत नाही, दुपारपर्यंत दिसत राहतो," ती स्वतःशीच हसली.

हूफडॉर्प म्हणजे कंपन्यांची काचेची ऑफिसं आणि एकसारख्या नव्या घरांच्या रांगा. पाहण्यासारखं फार नाही, पण स्किपोल जवळ असल्याने मराठी माणसं भरपूर. डॉट स्टेशनजवळच्या साध्या हॉटेलात उतरली आणि मी गुंडाळी घेऊन वैशालीताईंकडे. ताई आमच्याच जालन्याच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर आल्या, तीन वर्षं घरात बसल्या, आता डबे करतात. तुम्ही त्या भागात असाल तर दोन दिवस आधी सांगितलं की सात युरोत पिठलं, भाकरी, भात असा डबा मिळतो. भाकरी ज्वारीचीच.

जेवताना ताईंनी विचारलं, "निघालीस तेव्हा सोडायला कोण आलं होतं?"

"पप्पा आले होते स्टँडपर्यंत. आई नाही आली. म्हणाली, नळाला पाणी यायचंय, भरलं नाही तर आठ दिवस बोंब."

"अगं, मुलगी परदेशी चाललीय, आणि पाणी?"

"तेच ना," मी म्हटलं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, गल्लीतली पहिली विमानात बसणारी, आणि आई पितळी हंडा घासत दारातूनच म्हणाली, जा, उशीर होईल. ते मला आत कुठेतरी लागून राहिलं होतं. ताईंनी विषय बदलला आणि भाकरी वाढली.

जेवण झाल्यावर बॅनर हॉलमध्ये पसरून बघितला. बरोबर मधोमध, वरपासून खालपर्यंत, कागद फाटला होता. दोन कडा बोटाएवढ्या अरुंद चिकटपट्टीच्या तुकड्यांनी कशाबशा धरून होत्या.

"ती ट्रॉली," मी म्हटलं. "आणि डॉटने गुपचूप गाडीतच ठिगळं लावलेली दिसतायत. मला बोलली पण नाही."

ताईंची मुलगी डचमध्ये काहीतरी विचारत होती. ताई मराठीत म्हणाल्या, "जा, पार्सलची चिकटपट्टी आण."

डब्यांची खोकी बंद करायची ती रुंद तपकिरी पट्टी. आम्ही बॅनरच्या मागून ती वरपासून खालपर्यंत लावली आणि वर आडव्या पट्ट्या. पप्पा म्हणतात, काम असं करावं की पुढच्या वर्षीही उभं राहिलं पाहिजे. मी बोटाने ओढून पाहिलं. ढिम्म हललं नाही. त्या रात्री मला फार छान झोप लागली.

शनिवार: मैदान

स्टेशनवरून बस घेतली तर शेवटच्या थांब्यापासून दहा मिनिटं चालावं लागतं. सावली नाही, वारा भरपूर, विंडचीटर न्याच. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं मैदान फार मोठं लागतं, म्हणून इथे साध्या फुटबॉलची दोन मैदानं जोडून घेतली होती. तीसेक माणसं होती. निम्मी इथली खेळाडू मंडळी, आणि बाकीचे हिरवे-पांढरे मफलर घातलेले क्लॉगचे चाहते. मार्गी नावाची, मूळची मेलबर्नची एक बाई बेल्जियमहून गाडी चालवत आली होती.

बांबूच्या दोन उंच काठ्यांना बांधून बॅनर उभा केला. वाऱ्यात कुणाची तरी पत्र्याची खुर्ची उडाली, बॅनर जागचा हलला नाही. मी खूष. सगळ्यांच्या मागे काठी धरून उभा असलेला ग्लेन नावाचा जाडसर माणूस म्हणाला, "तू कापलीस ही अक्षरं? सुंदर. पाच सेकंदांसाठी जरा जास्तच सुंदर."

"पाच सेकंद का?"

"मग किती वेळ लागणार त्याला? आता पन्नाशीचा आहे, गुडघा गेलाय. बरं, सात."

"कशाला?"

ग्लेन माझ्याकडे बघत राहिला. "फाडून आत यायला. ते दार आहे, पोरी. खेळाडू त्यातूनच मैदानात येतात. तुला डॉटने सांगितलं नाही?"

डॉटने सांगितलं नव्हतं. तिच्यासाठी ते इतकं उघड होतं की सांगण्यासारखं काही नव्हतंच. आणि एवढ्या मेहनतीची वस्तू कुणी फाडण्यासाठी करत असेल, हे माझ्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मधली ती फाट ट्रॉलीची नव्हती. डॉटने सुजलेल्या बोटांनी स्वतः दिलेली चीर होती ती.

मैदानाच्या पलीकडे एक उंच, किंचित लंगडणारा माणूस दोन मुलींबरोबर गाडीतून उतरत होता.

मी डॉटकडे पळाले. सगळं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "कुठली पट्टी?"

"पार्सलची. तपकिरी."

"दोन्ही बाजूंनी?"

"फक्त मागून. पण... वर आडव्याही लावल्यात."

डॉटने डोळे मिटले. "तुझं काम पक्कं असतं, हेच वाईट." मग डोळे उघडून म्हणाली, "खाली उतरवता येणार नाही, या वाऱ्यात अक्षरं जातील. मागे जा. पुढचं मी बघते."

वैशालीताई डबे घेऊन आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत कोथिंबीर कापायची कात्री होती. डब्यांचं प्लॅस्टिकचं क्रेट पालथं घालून मी त्यावर चढले, ताईंनी माझे पाय धरले, आणि मी कापायला लागले. हात पोचेल तिथून खाली, हळूहळू, कारण पांढरं 'क्लॉग' त्या पट्टीला अगदी खेटून होतं.

पुढे क्लॉग येऊन उभा राहिला असावा, कारण टाळ्या पडल्या. मग डॉटचा आवाज: "थांब, क्लॉग. सतरा वर्षं तू आम्हाला थांबवलंस, आज तू थांब. आधी सगळे बोलणार. मार्गी, सुरू कर. सावकाश."

बॅनरपलीकडचं मला काहीच दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. मार्गी म्हणाली, क्लॉग प्लंबर होता, एका सोमवारी तिच्या घरी गळका पाइप दुरुस्त करायला आला, डोळा काळानिळा. "माझ्या वडिलांनी त्याला कामच करू दिलं नाही. स्वयंपाकघरात बसवून शनिवारचा सगळा सामना पुन्हा सांगायला लावला. पाइप बुधवारपर्यंत गळत होता. आई अजून तुझ्यावर रागावलेली आहे."

"त्या पाइपचं बिल मी पाठवलं नव्हतं," एक जाड आवाज म्हणाला. हशा.

"अजून किती?" ताई खालून कुजबुजल्या.

"अर्धं."

मग काठी धरूनच ग्लेन बोलला. अंतिम सामना, शेवटचा क्षण, समोर मोकळा गोल, आणि क्लॉगची लाथ चुकली. "सामना हरलो. आणि हा गाढव फाटकाशी उभा राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन माफी मागत होता. मी रांगेत दोनदा उभा राहिलो. दुसऱ्या वेळी त्याने ओळखलं. म्हणाला, एका चुकीची दोनदा माफी मागणार नाही."

सगळे हसत होते, ग्लेन बहुधा रडत होता, कारण काठी थरथरली आणि माझी कात्री इंग्रजी 'g' च्या शेपटात गेली. मी दात आवळून कापत राहिले. वर वीतभर पट्टी उरली, तिथे माझा हात पोचेना.

"झालं!" ताई ओरडल्या. मराठीत. पण डॉटला कळलं.

"ये आता," ती म्हणाली.

लाकडी बूट घातल्यासारखी पावलं वाजत आली आणि कागद फुगला, ताणला, आणि मधोमध उघडला. वरची वीतभर पट्टी तेवढी तोरणासारखी लटकत राहिली. तिच्याखालून मान वाकवून एक अवाढव्य माणूस बाहेर आला, आणि त्याच्यासमोर क्रेटवर कात्री घेऊन मी.

त्याने माझ्याकडे बघितलं, तोरणाकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं. हात देऊन मला खाली उतरवलं आणि म्हणाला, "आज पहिल्यांदाच कुणी मला आतून दार उघडलं."

मग तो मागे वळून डॉटकडे गेला. मी जवळच होते, म्हणून ऐकलं.

"तो शेवटचा बॅनर," डॉट म्हणाली. "तू यायच्या आधीच गेला म्हणे."

"कोण म्हणालं? ओला होता, पण उभा होता. मी गेलो त्यातून. तुझी अक्षरं माझ्या अंगावर उतरली, डॉट. हिरवा रंग चार दिवस गेला नाही. बायको चादरी फेकायला निघाली होती."

डॉटने त्याच्या बाहीवर अडकलेला हिरवा कागद काढला आणि मुठीत धरला. सामना नंतर झाला. कोण जिंकलं ते मला आठवत नाही. पिठलं-भाकरी संपली, एवढं आठवतंय.

रविवार: परत मास्ट्रिख्ट

परतताना हातात गुंडाळी नव्हती. डॉट स्किपोलपासून उट्रेख्तपर्यंत झोपली, मुठीत तोच हिरवा कागद. मी तिला विचारलं होतं की मधली चीर इतरांना का करू देत नाही. ती म्हणाली, "भक्कम कुणीही करतं. कुठे आणि किती कच्चं ठेवायचं, त्याला वेळ लागतो शिकायला. शिवाय समोरच्याला कळता कामा नये. त्याला वाटलं पाहिजे, मीच उघडलं."

तुम्ही कधी या देशात आलात तर ट्युलिप बघाच, पवनचक्क्याही बघा. पण एखाद्या शनिवारी कुठल्यातरी साध्या मैदानावरही जा. लोक कुणावर प्रेम करतात आणि का, ते तिथे कळतं. सगळ्यांत जास्त गोल करणाऱ्याबद्दल त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी घरी फोन लावला.

"जय भीम, पप्पा."

"जय भीम, बाळा. कसा झाला फलक?"

मी सगळं सांगितलं. चिकटपट्टीचं ऐकून ते खूप हसले. चिरेचं सांगितलं तेव्हा मात्र म्हणाले, "ती बाई खरी कारागीर. तुझ्या आईसारखी."

"आईचा काय संबंध?"

"तू निघालीस ना, त्या दिवशी नळाला पाणी येणारच नव्हतं. आदल्या दिवशी येऊन गेलेलं. म्हणाली, मी स्टँडवर आले तर पोरगी गाडीत चढायची नाही."

मागून आईचा आवाज आला, "काहीही सांगत बसू नका तिला." मग फोन तिच्याकडे गेला.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"हो."

"मग ठेव आता. अभ्यास कर. नळाला पाणी आलंय, मला भरायचंय."

मी फोन कानाशी तसाच धरून ऐकत राहिले. मागे पंख्याचा आवाज होता, गल्लीतल्या पोरांचा होता. पाण्याचा कुठेच नव्हता.