भीमराजचं अर्धं मिनिट

भीमराजला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या भांडुपच्या शाळेत, आठवीची तीसेक पोरं गप्प बसवताना. बावीस वर्षं मराठी शिकवून मला जे जमलं नाही, ते हा माणूस कानाला भलेमोठे हेडफोन लावून, नुसतं एक बोट वर करून करत होता. खरं सांगते, मला रागच आला.

मढच्या बंगल्यांमध्ये मालिकांची शूटिंगं चालतात, तिथे तो आवाज टिपायचं काम करायचा. सासवांचे टोमणे आणि सुनांचे हुंदके ऐकून कान किटले, म्हणायचा, आता जरा खरं ऐकू दे. म्हणून दर शनिवारी सकाळी शाळेत यायचा आणि मुलांना मोबाइलवर स्वतःचे माहितीपट करायला शिकवायचा. त्याचे नियम दोनच. ज्याच्यावर फिल्म, त्याला ती आधी दाखवायची, आणि तो नको म्हणेल ते वाद न घालता काढायचं. दुसरा नियम म्हणजे बोलणं संपल्यावर लगेच बटण बंद करायचं नाही. सगळ्यांनी अर्धं मिनिट गप्प बसायचं आणि नुसत्या खोलीचा आवाज टिपायचा. पंखा, नळ, शेजारचा मिक्सर. फिल्म जोडताना दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला तो लागतो. पोरं आधी हसली, मग त्यांना त्याचा नाद लागला.

तेजल कांबळेनं आपल्या आजीवर फिल्म केली. आजी म्हणजे शांताबाई, मुलुंडला एका घरी अकरा वर्षं स्वयंपाकाला होत्या. त्यांच्या हातची पुरणपोळी त्या घरच्या पाहुण्यांत गाजलेली. तेजलनं त्यांना खूप काय काय विचारलं, त्याही खुलून बोलल्या. मग तेजलनं बोट वर केलं आणि सगळे गप्प झाले. शांताबाईंना वाटलं, संपलं. चहाचं आधण ठेवता ठेवता त्या सहज बोलून गेल्या.

"मुलुंडला कुणाला दाखवू नका गं. तिथं मी कांबळे नाही, पाटील आहे. नाहीतर माझ्या हातची पोळी कोण खाईल?"

तेजलला हे माहीतच नव्हतं. भीमराजला समजावून सांगायची गरज नव्हती, त्याच्या आईनंही अशीच दोन आडनावं सांभाळली होती. वाक्य फिल्ममध्ये घेतलं नाही, शेवटी येणाऱ्या नावांतही नुसतं 'तेजल, इयत्ता आठवी' लिहिलं. नियमाप्रमाणे फिल्म आधी शांताबाईंना दाखवली. त्यांनी एकच विचारलं, शेवटी मी बोलले त्याचं काय केलंस?

"पुसलं, मावशी," भीमराज म्हणाला.

पुसलं नव्हतं. आवाजाचा माणूस काही पुसत नाही, कोण कधी खोकलं तेसुद्धा जपून ठेवतो. फिल्ममधून काढलं म्हणजे पुसल्यासारखंच, असं त्यानं स्वतःला समजावलं.

पुढे पवईच्या एका सभागृहात शाळांच्या फिल्म दाखवायचं ठरलं. नंदकिशोर नावाचा एडिटर भीमराजचा वीस वर्षांचा दोस्त, एका डब्यात जेवलेला. आवाज जरा साफ करून देतो म्हणाला. भीमराजनं त्याला सगळी हार्ड डिस्क दिली आणि वर ते वाक्य कुठे आहे तेही सांगितलं, का तर चुकूनही ते वापरलं जाऊ नये. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

पहिल्या रांगेत तेजल आणि नवी साडी नेसलेल्या शांताबाई. फिल्म संपली, पडदा काळा झाला आणि त्या काळ्यावर आधण उकळायचा आवाज आला. मग ते वाक्य, अक्षर न् अक्षर. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. सांगायला लाज वाटते, पण मीही वाजवल्या. काय शेवट केलाय पोरीनं, असं माझ्या मनात आलं. मग माझं लक्ष शांताबाईंकडे गेलं. त्या मान खाली घालून पायानं चपला शोधत होत्या.

भीमराजनं नंदकिशोरला बाहेर गाठलं. तो म्हणाला, "यार, पिक्चरचा जीवच तो आहे. एवढी वर्षं आवाज टिपलास, तुला कळायला नको?" पोरीला बक्षीस मिळेल बघ, असंही वर ऐकवलं. बक्षीस मिळालं. कुणीतरी शेवटचा तुकडा मोबाइलवर टिपला होता, तो चार दिवसांत फिरत फिरत मुलुंडला पोचला. तिथल्या बाईंनी जात काढली नाही, सुशिक्षित घर आहे. अकरा वर्षं तुम्ही आमचा विश्वासघात केलात, एवढंच म्हणाल्या आणि उद्यापासून येऊ नका. विश्वासघात! हा शब्द वापरायचा हक्क ज्यांना होता, त्या निमूट पायऱ्या उतरल्या.

भीमराज त्यांच्याकडे गेला तेव्हा मी बरोबर होते. टेकडीवरची खोली, तेजल आत भिंतीकडे तोंड करून बसलेली. शांताबाईंनी आम्हाला पाणी दिलं. भीमराज बोलत सुटला. नंदकिशोरनं केसानं गळा कापला, त्याचं तोंड बघणार नाही, वीस वर्षांची दोस्ती मातीत गेली. शांताबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"त्या नंदकिशोरला मी ओळखत नाही, बाबा," त्या म्हणाल्या. "पुसलं, असं मला तू सांगितलंस."

वर पंखा फिरत होता, खाली कुणाचा तरी नळ वाहत होता. मग तेजल उठली आणि त्यानं तिला वापरायला दिलेले हेडफोन आणून त्याच्यापुढे ठेवले.

तो अजून शनिवारी येतो. बोलणं संपलं की पोरं सवयीनं बोट वर करतात आणि हा म्हणतो, बंद करा, आधी बंद करा.