फरशीखालची ओल

पूर ओसरल्यावर सांगलीच्या आमच्या बोर्डिंगात एक गवंडी येऊ लागला. माझ्या खोलीतल्या भिजलेल्या फरश्या त्यानं एका दिवसात काढल्या, खालचा चिखल उपसला, नवा मुरूम भरून चोपला आणि मग नुसता थांबला. रोज सकाळी यायचा, वैद्यासारखा गंभीर होऊन जमिनीला गाल लावायचा आणि म्हणायचा, "न्हाई. अजून वल हाय."

माझी परीक्षा तोंडावर आलेली, आणि मुक्काम ओसरीवर. "आवं मिस्त्री, वरनं कोरडी दिसतीय की," मी म्हणालो.

"कालेजात वरचंच शिकवत्यात व्हय?"

शेवटी मी भीतभीतच सुपरिंटेंडेंटसाहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी त्याला बजावलं, "आजच फरशी बसव, नाहीतर दुसरा गवंडी आणतो."

त्यानं थापी पिशवीत टाकली. "आणा की. पर ह्यो आदीच खोकतोय. वलीवर निजला, तर परीक्षेला कोन बसंल?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठणठणीत असल्यासारखा ताठ उभा राहिलो, आणि नेमका तेव्हाच मला खोकला आला.

फरशी आणखी आठ दिवसांनी बसली. तेवढे दिवस मी त्याची नजर चुकवत होतो. तो मात्र रोज ओसरीशी थांबून विचारायचा, "काय सायेब, खोकला काय म्हनतोय?"